मोड घ्या, तलवार द्या : गेममध्ये कच्चा माल घेऊन क्राफ्टिंग कसं करायचं

"भाऊ, मनाजोडे लोखंड शे, माले एक तलवार बनाडी दे ना." गिल्ड चॅटवर हा मेसेज सारखा येतो आणि येणारच, कारण आपल्याकडची निम्मी पोरं रात्री जेवण झाल्यावर मोबाईलवर अल्बियन ऑनलाइन हा गेम उघडतात, तासभर लोखंड-कातडं-लाकूड गोळा करतात आणि झोपून जातात. सिल्वर, म्हणजे गेममधले पैसे, त्यांच्याकडे कधीच नसतं पण बँक मालाने फुल्ल. क्राफ्टर मात्र गिल्डमध्ये दोन-चारच. मग क्राफ्टर एकतर म्हणतो "आधी मार्केटला विक, सिल्वर घेऊन ये", त्यात दोघांचंही नुकसान, नाहीतर म्हणतो "दे टाकून, बनवतो", आणि पंधरा दिवसांनी चोपड्याचा पोरगा शिरपूरच्या पोराला ग्रुपवर विचारत बसतो की माझे उरलेले बार गेले कुठे भो.

हा लेख त्या क्राफ्टरसाठी आहे. पेमेंट म्हणून माल घ्यायचा तर भाव कुठला धरायचा, किती नग मागायचे, कोणता माल दारातूनच परत पाठवायचा, आणि देवाणघेवाण करताना स्क्रीनवर काय काय बघायचं, हे एकेक करून. आकडे अल्बियन ऑनलाइनचे घेतलेत. फुकटात खेळता येतो, २०२१ पासून मोबाईलवर आहे, २०२३ पासून एशियाचा वेगळा सर्व्हर आहे, आणि मुख्य म्हणजे त्यात जवळजवळ सगळी हत्यारं-कपडे खेळाडूच बनवतात. दुसरे गेम खेळत असाल तर शेवटी त्यांचंही थोडं लिहिलंय, पण आधी हे वाचाच, डोकं सगळीकडे तेच लागतं.

जळगावच्या सराफ बाजारात जुनी पोत मोडायला नेली तर सराफ काय करतो आठवा. आधी कस बघतो, मग वजन करतो, मग मोडीचा भाव सांगतो, नव्या दागिन्याला सोनं किती लागेल ते वेगळं, घट वेगळी, मजुरी वेगळी. "चल हे दे आणि ते घेऊन जा" असं तो कधीच म्हणत नाही. आपल्यालाही हेच कप्पे पाडायचे आहेत, फरक एवढाच की अल्बियनमध्ये माल घटत नाही, उलट बनवताना थोडा परत येतो. आणि ते परत आलेलं कोणाचं, यावरच सगळी भांडणं होतात.

मार्केटमधून फिरून आलं तर किती जातं

अल्बियनमध्ये विक्रीवर टॅक्स आहे, प्रीमियम (विकत घेतलेली मेंबरशिप) असेल तर ४ टक्के, नसेल तर ८ टक्के. ऑर्डर लावून ठेवली तर वरून २.५ टक्के सेटअप फी, आणि ऑर्डर रद्द केली तरी ती फी परत मिळत नाही. गॅदर करणाऱ्या बहुतेक पोरांकडे प्रीमियम नसतं, म्हणजे त्यांचे ८ टक्के गेलेच. शिवाय घाईत असलेला माणूस सेल ऑर्डर (या भावाला विकायचंय अशी पाटी) लावून वाट बघत बसत नाही, तो समोर दिसणाऱ्या बाय ऑर्डरला (या भावाला घेतो अशी पाटी) माल टाकून मोकळा होतो, त्यात भाव अजून खाली. इकडे तुम्ही तोच माल सेल ऑर्डरवरून वरच्या भावाने उचलता आणि बनवलेली तलवार विकताना परत टॅक्स भरता. एकाच लोखंडावर तीन ठिकाणी कात्री.

समोरासमोर ट्रेड विंडोत माल दिला-घेतला तर टॅक्स शून्य. हा वाचलेला टॅक्स आणि दोन भावांमधली फट, एवढीच तुमची आणि गिऱ्हाईकाची मिळून कमाई आहे. मालाच्या बदल्यात माल घेण्यात दुसरी कुठली जादू नाही, त्यामुळे फायद्याचे दोन वाटे होणार हे आधीच मान्य करा. सगळाच्या सगळा स्वतः खायला गेलात तर पोरगं दुसऱ्या वेळेस येणार नाही.

पहिलं काम : खरंच किती माल लागतो ते काढा

ही पायरी नीट वाचा, बाकीचं सगळं हिच्यावर उभं आहे.

टी४ (चौथ्या टियरच्या, म्हणजे दर्जाच्या) ब्रॉडस्वर्ड तलवारीला १६ स्टीलचे बार (गाळून केलेलं लोखंड) आणि ८ लेदर (कमावलेलं कातडं) लागतात. क्राफ्टिंग विंडोत तेच दिसतं आणि बहुतेक क्राफ्टर गिऱ्हाईकाकडे तेवढंच मागतात. पण रॉयल शहरात बनवलं की काही माल परत येतो. साध्या शहरात हा रिटर्न १५.२ टक्के. ज्या शहराला त्या वस्तूचा बोनस आहे तिथे २४.८ टक्के, तलवारीसाठी ते शहर लिमहर्स्ट. फोकस (प्रीमियमवाल्याला रोज मिळणारे पॉइंट) लावला तर तिथेच ४७.९ टक्के. हे आकडे आकाशातून पडलेले नाहीत, शहराचा बेस बोनस १८, वस्तूचा बोनस १५, फोकसचा ५९, यांची बेरीज करायची आणि १०० च्या मालात किती जास्तीचे नग निघतात ते बघायचं. लिमहर्स्टला १८ अधिक १५ म्हणजे ३३, म्हणजे परत आलेला माल पुन्हा पुन्हा वापरत गेलात तर १०० तलवारींच्या मालात १३३ च्या आसपास तलवारी होतात. हेच उलटं वाचलं तर एका नगामागे चार भागातला एक भाग परत येतो.

म्हणजे फोकस न लावता लिमहर्स्टला एक ब्रॉडस्वर्ड खरी खाते किती? बार १६ पैकी साधारण १२, लेदर ८ पैकी ६. लक्षात ठेवायला पण सोपं, १६-८ ही रेसिपी आणि १२-६ हा खरा खर्च.

आता गंमत बघा. मार्केटमधले मोठे क्राफ्टर सगळे रिटर्न धरूनच भाव लावतात, त्यामुळे तयार तलवार बऱ्याचदा पूर्ण रेसिपीच्या मालापेक्षा स्वस्त मिळते. गिऱ्हाईकाकडे १६-८ मागितले तर तो बिचारा बाजारात मिळते त्यापेक्षा महाग तलवार घेतोय, आणि वर तुम्हाला थँक्यू पण म्हणतोय. आज ना उद्या कोणीतरी त्याला सांगणारच. आणि १२-६ वर देऊन टाकली तर तुमची मजुरी शून्य, स्टेशनची (जिथे वस्तू बनवता त्या कारखान्याची) फी मात्र पदरची. म्हणून सौदा या दोघांच्या मध्ये कुठेतरी बसतो आणि मी साधारण १४-७ वर बसवतो.

हिशोबासाठी भाव मानून चालू (मार्केट रोज हलतं, तुमच्या दिवसाचे टाका): स्टील बार सेल ऑर्डरला ३००, बाय ऑर्डरला २६०. लेदर २८० आणि २४०. तयार ब्रॉडस्वर्ड ५,८००. स्टेशनची फी एका नगाला २००.

गिऱ्हाईकाच्या बाजूने बघा. १४ बार आणि ७ लेदर त्याने लगेच बाय ऑर्डरला विकले असते तर ३,६४० अधिक १,६८० म्हणजे ५,३२०, त्यातून ८ टक्के गेले की हातात ४,८९४ च्या आसपास. तेवढ्या मालात त्याला ५,८०० ची तलवार मिळाली. नऊशे सिल्वर वाचले आणि मार्केटच्या खेपा वाचल्या.

आता तुमची बाजू. मालाचा भाव मधला धरा, बार २८०, लेदर २६०. १४-७ घेतले, १२-६ खर्च झाले, हातात राहिले २ बार आणि १ लेदर म्हणजे ८२०, त्यातून स्टेशनचे २०० गेले की ६२०. हीच तलवार मार्केटला लावली असती तर प्रीमियम धरून ५,८०० मधून ६.५ टक्के गेले, राहिले ५,४२३. माल मधल्या भावाने ४,९२० चा आणि फी २००, म्हणजे उरले जेमतेम ३००, ते पण विकली गेली तर. माल सेल ऑर्डरवरून वरच्या भावाने घेतला असता तर तोटाच. म्हणून म्हणतो की माल घेऊन काम करणं हे गिऱ्हाईकावर उपकार नाहीत, आपल्यालाच परवडतं.

फोकसबद्दल एक. फोकस तुमच्या प्रीमियमचा असतो, दिवसाला १०,००० येतो आणि ३०,००० च्या वर साठत नाही. त्यामुळे फोकस लावून जे जास्तीचं परत येतं ते पूर्ण तुमचं, गिऱ्हाईकाच्या भावात ते धरायचं नाही. तो म्हणेल "तू फोकस लावतोस मग ९-५ मध्ये दे ना", तर हसून सोडून द्या. क्राफ्टिंगचा फेम (अनुभवाचे पॉइंट) पण तुम्हालाच मिळतो हे मात्र मनात असू द्या, नवीन नोड (एखाद्या वस्तूचं कौशल्य) वर चढवत असाल तर मजुरी थोडी सोडायला हरकत नाही. मी तरी सोडतो, कारण फेमसाठी शेवटी माल जाळावाच लागतो, मग दुसऱ्याचा जळालेला काय वाईट.

रिटर्न एकेका नगावर ठरलेला येईलच असं नाही, कमीजास्त होतो. १० तलवारी एकदम केल्या, १६० बार टाकले, तर ४० च्या जवळपास परत येतात. एकाच तलवारीला चारच्या जागी तीन आले तर गिऱ्हाईकाशी वाद घालू नका आणि पाच आले तर त्याला सांगत पण बसू नका. आणि बनवायला सुरुवातीला पूर्ण १६-८ हातात लागतात, परत येतं ते नंतर. म्हणजे १४-७ घेतलं तरी वरचे २ बार १ लेदर तुम्हीच घालायचे. थोडा स्टॉक नेहमी बाजूला ठेवा, नाहीतर सगळी गिऱ्हाईकं आली आणि तुम्ही लेदर शोधत फिरताय असं होतं.

भाव मधलाच का

मोडीचा भाव सेल ऑर्डरचा धरला तर तुम्ही मार्केटपेक्षा काहीच स्वस्तात घेत नाही, वर वेळ घालवता. बाय ऑर्डरचा धरला तर गिऱ्हाईकाला वाटतं हा पण मार्केटसारखाच लुटतोय. मधला धरला की दोघांना दिसतं की फट अर्धी-अर्धी झाली. भाव कोणत्या शहराचा, हे पण आधी बोला. प्रत्येक शहराचं मार्केट वेगळं आहे, थेटफर्डला लोखंड स्वस्त दिसलं म्हणून लिमहर्स्टला त्या भावाने कोणी देणार नाही. माझा नियम साधा आहे, माल जिथे माझ्या हातात पडतो तिथला भाव. तू थेटफर्डला देणार तर थेटफर्डचा, मग बैलावर लादून आणायचं काम माझं आणि त्याचा वेळ मी मजुरीत धरणार.

गॅदर करणारी पोरं एक वाक्य नेहमी म्हणतात, "मला तर फुकट पडलंय, मीच खणलंय." ते फुकट नाही. तेच लोखंड विकून सिल्वर आलं असतं, म्हणजे त्याची किंमत आहेच. पण हे तुम्ही त्याला समजावून सांगा, त्याचा फायदा घेऊ नका, कारण पुढच्या महिन्यात तोच पोरगा टी६ खणायला लागतो आणि माल कोणाकडे न्यायचा ते तेव्हा तोच ठरवणार असतो.

बार नाही, कच्चं ओर आणलं तर

निम्म्या वेळेस असंच होतं. टी४ चा एक बार बनवायला २ आयर्न ओर आणि १ टी३ चा ब्रॉन्झ बार लागतो. पोरगं २८ ओर घेऊन येतं आणि म्हणतं घे १४ बार झाले. ब्रॉन्झ बार विसरलेलाच असतो. वरच्या टियरला ओर वाढत जातं, टी५ ला ३, टी६ ला ४, टी७ आणि टी८ ला ५, आणि प्रत्येक वेळेस खालच्या टियरचा एक बार.

रिफायनिंगला शहराचा बोनस जास्त आहे. लोखंड थेटफर्डला, कातडं मार्टलॉकला, कापड लिमहर्स्टला, लाकूड फोर्ट स्टर्लिंगला आणि दगड ब्रिजवॉचला केला तर रिटर्न ३६.७ टक्के, फोकस लावून ५३.९. म्हणजे थेटफर्डला एका टी४ बारमागे खरं ओर सव्वा लागतं आणि ब्रॉन्झ बार पाऊणपेक्षा कमी. त्यामुळे माझा सोपा नियम, एका बारमागे २ ओर द्या, ब्रॉन्झ माझं, रिटर्न माझा. ओर आणि ब्रॉन्झचा भाव जवळजवळ सारखा असेल तोवर हे बसतं, रिफायनिंगची मजुरी निघते आणि गिऱ्हाईकाला खालच्या टियरची डोकेदुखी राहत नाही. ब्रॉन्झ एकदम महागलं तर नियम बदला, अडून बसू नका.

कातड्याचं तसंच, २ हाइड आणि १ टी३ लेदर. पण एक सांगतो, कातडं आणि लोखंड दोन्ही कच्चं घेतलं तर एका तलवारीसाठी थेटफर्ड, मार्टलॉक आणि मग लिमहर्स्ट अशी तीन शहरं फिरायची. एका नगाला हे कोणी करू नये. कच्चा माल घ्यायचा तर आठवडाभर साठवा, एकदम नेऊन रिफाइन करा आणि गिऱ्हाईकाला तुमच्याकडच्या तयार स्टॉकमधून तलवार लगेच देऊन टाका.

कोणता माल घ्यायचा नाही

जो तुम्ही पुढच्या आठवड्यात वापरणार नाही तो घेऊ नका. एवढंच. तुम्ही तलवारी बनवता तर दगड घेऊन काय करणार, परत मार्केटलाच विकणार, मग टॅक्स भरणार तुम्ही. "भाऊ एवढा लाकडाचा पण घे ना सोबत" याला नाही म्हणायला शिका, किंवा स्पष्ट सांगा की लाकूड बाय ऑर्डरच्या भावाने आणि त्यातून ४ टक्के वजा करूनच धरेन.

एन्चांट केलेला (जादूने वरचढ झालेला, ४.१ असा लिहितात तो) माल वेगळा मोजा. ४.१ च्या तलवारीला ४.१ चेच बार आणि ४.१ चंच लेदर लागतं, साध्या तलवारीत ते चालत नाही. कोणी ४.१ चे थोडेसे बार आणले आणि तुमच्याकडे ४.१ चं लेदर नसेल तर ते बार महिनाभर बँकेत पडून राहणार. आर्टिफॅक्टच्या (बनवायला एक दुर्मिळ खास वस्तू लागते अशा) हत्यारांत अजून एक मेख आहे, आर्टिफॅक्ट कधीच परत येत नाही, रिटर्न फक्त साध्या मालाला. त्यामुळे अशा वस्तूला आर्टिफॅक्ट गिऱ्हाईकानेच आणायचा, हा नियम करून टाका.

आपल्याकडे सीझन पण असतात बरं का. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत शाळा-कॉलेजची पोरं दिवसभर ऑनलाइन, टी४ चा नुसता पूर येतो, आणि कापूस वेचणी जोरात असली की शेतावरची पोरं गायब, माल तुटतो. मे महिन्यात भुसावळच्या उन्हात दुपारी बाहेर पडून करणार तरी काय, सगळे खणतच बसतात. पूर आला की रेट कार्डवर वर एक ओळ टाका, "टी४ बार सध्या पुरेसे, लेदर पाहिजे". पोरं बरोबर कातड्याकडे वळतात.

देवाणघेवाण : तयार माल की ऑर्डर

दोन पद्धती आहेत आणि लोक त्या एकात एक मिसळतात. एक, तुमच्याकडे तलवार तयार आहे, तो माल ठेवतो, तुम्ही तलवार ठेवता, दोघं ओके करता, संपलं. दोन, तो आधी माल देतो आणि तुम्ही नंतर बनवून देता. दुसऱ्या पद्धतीत तो तुमच्यावर उधारीने विश्वास टाकतोय. अनोळखी माणसाशी नेहमी पहिलीच पद्धत. गिल्डमधल्या ओळखीच्याशी दुसरी चालते, पण माल घेतल्या क्षणी चॅटवर किती नग घेतले आणि बदल्यात काय कधी देणार ते लिहा. तोंडी नको, नंतर व्हॉइसवर काय बोललो ते कोणाला आठवत नसतं.

तुमचं आयलंड असेल तर तिथल्या पेटीला ॲक्सेस देऊन ओळखीच्यांकडून माल टाकून घेता येतो, दोघं एकाच वेळेस ऑनलाइन असायची गरज नाही. लाईट गेली, नेट गेलं, तरी काम अडत नाही. पण एकच पेटी सगळ्यांना उघडी ठेवली तर ज्याने टाकलं त्याच्याऐवजी दुसराच काढून नेतो, म्हणून गिऱ्हाईकाप्रमाणे पेट्या वेगळ्या ठेवा.

ट्रेड विंडोत काय बघायचं? टियर बघा, नंतर एन्चांटची चमक बघा, नंतर संख्या. मोबाईलच्या छोट्या स्क्रीनवर ४.० आणि ४.१ पटकन ओळखू येत नाही, आयकॉनवर बोट दाबून नाव वाचा. शेवटच्या क्षणी आकडा बदलायचा, १४० चे १४ करायचे, ही जुनी ट्रिक आहे. समोरच्याने विंडो बंद करून "सॉरी भो नेट गेलं" म्हणत परत उघडली की सगळं पहिल्यापासून वाचा, घाई करत असेल तर अजून हळू वाचा. "आधी तू दे, मग मी दुसऱ्या ट्रेडमध्ये देतो" याला सरळ नाही.

आणि कोणी नवीन अकाउंट, बँक भरून माल, अर्ध्या भावात देतोय आणि बाकीचे फोनपेवर पाठव म्हणतोय, तर तिथून निघा. खऱ्या पैशात गेमचा माल किंवा सिल्वर विकणं नियमात बसत नाही, बॅन दोघांवर येऊ शकतो, आणि असा माल बॉटचा असण्याची शक्यता जास्त.

काम घेण्याआधी अजून तीन गोष्टी बोलून घ्या. क्वालिटी कोणाची? तलवार नॉर्मल निघेल, गुड निघेल, नशीब असेल तर मास्टरपीस. मी सांगतो की नॉर्मलची बोली आहे, त्यावर जे निघेल ते गिऱ्हाईकाचं, पण एक्सलंट किंवा मास्टरपीस निघाली तर ती मी ठेवणार आणि त्याला नॉर्मल देणार. उलटं ठरवलं तरी चालेल, फक्त आधी ठरवा. स्टेशनची फी कोणाची, हे दुसरं. ती स्टेशनचा मालक ठरवतो आणि दिवसाला बदलू शकते, म्हणून भावात धरूनच बोला, नंतर मागायला जाऊ नका. तिसरं म्हणजे किती दिवसांत. आपण काही कंपनी नाही, पण "रविवार रात्रीपर्यंत" असं म्हटलं की पोरगं रोज पिंग करत नाही.

वही

एक शीट करा, गुगलची असो की साधी वही. नाव, काय घेतलं, किती, त्या दिवशीचा मधला भाव, काय दिलं, बाकी. बाकी नेहमी मालात लिहा, सिल्वरमध्ये नको. "३ बार येणे" लिहिलं तर भाव वर जावो की खाली, ३ बारच येणे. सिल्वरमध्ये लिहिलं की बारचा भाव पडल्यावर तो म्हणतो आज ४ घे आणि चढल्यावर म्हणतो २ च घे. उधारी एका तलवारीच्या वर जाऊ देऊ नका, जवळचा मित्र असला तरी. जवळचाच तर बुडवतो.

दुसरे गेम थोडक्यात

ईव्ह ऑनलाइन खेळत असाल तर तिथे रिटर्नच्या जागी ब्लूप्रिंटचं संशोधन आहे. मटेरियल एफिशियन्सी १० पर्यंत नेली की माल १० टक्के कमी लागतो. गिऱ्हाईक बिनसंशोधनाच्या ब्लूप्रिंटप्रमाणे ट्रिटॅनियम-पायेराइट आणतो आणि वरचे १० टक्के तुमच्याकडे राहतात, तीच मजुरी. तिथे आयटम एक्स्चेंजचं कॉन्ट्रॅक्ट टाकता येतं, जहाज लिहा, बदल्यात कोणते मिनरल किती तेही लिहा, समोरच्याकडे तेवढं नसेल तर सौदा होतच नाही. बऱ्याच कॉर्पोरेशन (तिथल्या गिल्ड) जिटाच्या (तिथल्या मोठ्या बाजाराच्या) बाय भावाच्या ९० टक्क्यांच्या आसपास माल घेतात, तुम्ही थोडा जास्त दिलात तर खाणवाले तुमच्याकडे येतील.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये २०२२ च्या ड्रॅगनफ्लाइटपासून क्राफ्टिंग ऑर्डर आहेत, गिऱ्हाईक माल आणि कमिशन दोन्ही सिस्टीममध्ये टाकतो, विश्वासाचा प्रश्नच उरत नाही. एन्चांटिंगसाठी ट्रेड विंडोत खाली वेगळा रकाना आहे, त्यात ठेवलेली वस्तू तुमच्याकडे येत नाही, एन्चांट होऊन मालकाकडेच राहते. तोच वापरा, वस्तू हातात मागू नका. ओल्ड स्कूल रूनस्केपला ग्रँड एक्स्चेंजचा टॅक्स २०२१ मध्ये १ टक्का लागला आणि २०२५ मध्ये २ टक्के झाला, त्यामुळे समोरासमोरच्या सौद्यात वाचतं पण थोडंच. दोन वेळा कन्फर्म करायला लावतं, दुसरी स्क्रीन नीट वाचा.

माइनक्राफ्टच्या मित्रांच्या सर्व्हरवर बरेच जण हिरेच पैसे म्हणून धरतात. तिथे लपलेला खर्च नेदराइटमध्ये आहे. गिऱ्हाईक एका इंगॉटचे ४ स्क्रॅप आणि ४ सोन्याचे इंगॉट घेऊन येतो आणि म्हणतो माझं चिलखत करून दे. पण १.२० पासून प्रत्येक अपग्रेडला एक टेम्पलेट खर्च होतं आणि ते दुप्पट करायला ७ हिरे आणि एक नेदररॅक लागतो. ते ७ हिरे त्याच्याकडून घ्या, नाहीतर काम तुमचं आणि खर्च पण तुमचाच.

चॅटवर टाकायचा मेसेज

हा कॉपी करा, आकडे आपले टाका:

"ब्रॉडस्वर्ड टी४, नॉर्मल क्वालिटी, लिमहर्स्ट. १४ स्टील बार + ७ लेदर द्या, तलवार लगेच. कच्चं लोखंड चालेल, एका बारला २ ओर, ब्रॉन्झ माझं, पण थेटफर्डला दिलं तरच. ४.१ चा माल आधी विचारून. लाकूड-दगड नको. रिटर्न आणि स्टेशन फी माझी. उधारी एका नगापर्यंत. भाव या रविवारपर्यंत."

कोणी म्हटलं की दुसरा १३-६ मध्ये देतो, तर त्याला म्हणा जा भाऊ घे, खरंच घे, कारण फोकस लावणारा असेल तर त्याला परवडतं आणि नसेल तर आठवड्यात तोच दुकान बंद करतो. मेसेज पिन करून ठेवा आणि दर रविवारी बदला. भाव तोच राहिला तरी तारीख तेवढी नवीन टाका, नाहीतर कोणीतरी मार्चचा स्क्रीनशॉट घेऊन मे महिन्यात दारात उभा राहतो.